टेंडन गेलेल्या घोडीची फिजिओथेरपी: मशीन नंतर, आधी चालणं

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. सात वर्षांची मारवाडी घोडी, पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबात असते, शनिवार-रविवार हॅकिंग, म्हणजे बाहेर रपेट, आणि थोडंफार जंपिंग. पुढच्या डाव्या पायाला नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मागच्या बाजूने सूज आली, डॉक्टरांनी सुपरफिशियल टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारा दोर म्हणजे टेंडन, त्यातला कातडीलगतचा) इजा झालीय असं सांगितलं, इंजेक्शन आणि पावडर झाली, तीन आठवडे तबेल्यात उभी आहे. आता सूज उतरलीय, लंगडत पण नाही. मालकांनी विचारलंय की फिजिओची खरंच गरज असते का, लेझर लावून घ्यावं का, घोडीची देखभाल करणारे सईस मामा तापलेल्या लोखंडाने डाग द्या म्हणतायत ते करावं का, मित्र म्हणतोय महिनाभर माथेरानला ओळखीच्या घोडेवाल्याकडे पाठव चढउतार करून पाय मोकळा होईल, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, घोडीवर परत बसायचं केव्हा.

मी माणसांची फिजिओथेरपी शिकले आणि नंतर घोड्यांकडे वळले, आता बरीच वर्षं रेसचे घोडे आणि रायडिंग स्कूलचे घोडे दोन्हीकडे डॉक्टरांच्या सोबतीने काम करते. त्यातून जे कळलंय ते सांगते, लांब होईल पण वाचा.

पहिली गोष्ट, लंगडत नाही म्हणजे पाय बरा झाला असं अजिबात धरू नका. टेंडनच्या इजेत सूज आणि दुखणं दोन-चार आठवड्यांत जातं, कधी त्याच्याही आधी, आणि वर दुखणं कमी करणारं औषध चालू असेल तर घोडी तुम्हाला काहीच सांगणार नाही. आतली दुरुस्ती मात्र तेव्हा नुकती सुरू झालेली असते. मी बघितलेल्या बहुतेक घोड्यांचं टेंडन दुसऱ्यांदा गेलंय ते ह्याच टप्प्यावर, "एकदम ओके दिसतोय, जरा सोडून बघू" म्हणून पॅडॉकमध्ये, कुंपणाच्या मोकळ्या जागेत, सोडला, त्याने दोन उड्या मारल्या, संपलं.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली स्नायू जवळपास नसतातच, हाड, टेंडन, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे पट्टे) आणि कातडी, बस. स्नायू वर आणि त्याची ओढ लांब टेंडनमधून खुरापर्यंत येते. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि प्रत्येक पावलाला फेटलॉक, म्हणजे खुराच्या वरचा सांधा, खाली दबतो तेव्हा हे मागचं टेंडन ताणलं जातं आणि पाय उचलला की परत आखडतं. भरधाव पळताना रेसच्या घोड्यात हा ताण टेंडनच्या मूळ लांबीच्या १६ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे तुटायच्या मर्यादेच्या अगदी जवळ, आणि त्या ताणण्या-आखडण्यात टेंडनच्या गाभ्याचं तापमान ४५ डिग्रीपर्यंत चढल्याचं मोजलं गेलंय. त्यात रक्तपुरवठा मुळात कमी. म्हणून इजा बहुतेक वेळा मधोमध, गाभ्यात होते आणि बाहेरून फक्त थोडी सूज दिसते.

आता भरून येताना काय होतं, तर शरीर तिथे घाईघाईत नवे धागे टाकतं. हे धागे आधी बारीक, कमकुवत आणि कसेही आडवेतिडवे पडलेले असतात, कडब्याची पेंढी सुटून विस्कटावी तसे. ते सरळ एका दिशेत लागायला आणि जाड व्हायला त्यांच्यावर ताण यावाच लागतो, पण मोजका. अजिबात ताण दिला नाही, घोडी सहा महिने नुसती उभी ठेवली, तर व्रण होतो खरा पण आखडलेला, आजूबाजूला चिकटलेला, आणि ज्या दिवशी पळेल त्या दिवशी फाटेल. जास्त ताण दिला तर आत्ताच फाटेल. ह्या दोन्हीच्या मधली जी जागा आहे, तिथे घोडीला रोज ठेवणं, आठवड्याला थोडं थोडं वाढवत, हीच टेंडनची फिजिओथेरपी. बाकी मालिश, लेझर, अल्ट्रासाउंड, चुंबकाचं ब्लँकेट हे सगळं त्याच्या आजूबाजूचं.

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, फिजिओ लागते, पण आठवड्यातून एकदा येऊन मशीन लावून जाणारी नाही, रोज घड्याळ लावून घोडी चालवणारी. ते काम तुमचे सईस मामाच करणार आहेत, म्हणून त्यांना सगळं समजावून सांगा, त्यांच्याशी वाद घालू नका.

सुरू करायच्या आधी एकच अट, स्कॅन. टेंडनची सोनोग्राफी झालीय का ते तुम्ही लिहिलं नाहीये. इजेनंतर पहिल्या काही दिवसांत आतली जखम वाढू शकते त्यामुळे अगदी पहिल्याच दिवशीचा स्कॅन फसवतो, साधारण आठवड्यानंतरचा बरोबर चित्र देतो, तुमचे तर तीन आठवडे झालेत तेव्हा आता लगेच करून घ्या. टेंडनच्या आडव्या छेदात किती भाग काळा, म्हणजे इजा झालेला, दिसतोय आणि उभ्या छेदात धागे सरळ दिसतात का, ह्यावर सगळा प्रोग्राम ठरतो. जवळ मशीनवाले डॉक्टर नसतील तर परळचं किंवा शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे चौकशी करा, रेसकोर्सवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडेही करा. आणि हे पण सांगते, कायद्याने आपल्याकडे जनावरावर उपचार करायचा अधिकार रजिस्टर्ड व्हेटर्नरी डॉक्टरचा आहे, तो कायदा म्हणजे इंडियन व्हेटर्नरी कौन्सिल ॲक्ट, १९८४, त्यामुळे डॉक्टरला न विचारता कोणी फिजिओ म्हणून परस्पर येऊन ट्रीटमेंट सुरू करत असेल तर त्याला घोडीला हात लावू देऊ नका. निदान डॉक्टरचं, आमचं काम त्यानंतर.

स्कॅनमध्ये मध्यम इजा निघाली असं धरून एक ढोबळ आराखडा देते, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं हाताने फिरवायचं, फक्त चाल, दुडकी नाही. दर आठवड्याला एकूण दोन-तीन मिनिटं वाढवत तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दिवसाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर यायचं. मग परत स्कॅन. तो चांगला आला तर हलका रायडर बसवून चाल आणि त्यात सरळ रेषेत पाच मिनिटं दुडकी (ट्रॉट), दोन आठवड्यांनी पाच मिनिटं अजून, असं करत सहाव्या महिन्यापर्यंत. परत स्कॅन, मग कँटर, म्हणजे हळू दौड. जंपिंग सगळ्यात शेवटी, दहाव्या-बाराव्या महिन्याच्या आधी मनात पण आणू नका. म्हणजे "परत बसायचं केव्हा" ह्याचं उत्तर, चालीत बसायला तीन महिन्यांनी, पूर्वीसारखं बसायला जवळपास वर्षाने. खूप वाटतं मला माहितीय, पण ह्याहून लवकर कामावर आणलेल्या घोड्यांचं टेंडन परत जाताना पाहिलंय म्हणून सांगते.

कुठे चालवायचं हे किती चालवायचं इतकंच महत्त्वाचं आहे. सपाट, घट्ट जमीन पाहिजे, दाबलेली माती सगळ्यात छान. क्लबच्या एरिनातली खोल वाळू नको, त्यात खूर रुततो आणि ताण मऊ अवयवांवर येतो, लोकांना वाटतं वाळू मऊ म्हणजे पायाला बरी, टेंडनच्या बाबतीत उलटं आहे. गोल गोल फिरवणं नको, लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल पळवणं, तर सुरुवातीचे महिने अजिबातच नको, वळायचं असेल तर मोठं वळण घ्या. आणि घोडी तीन आठवडे उभी राहून भरलेली असणार, बाहेर काढल्या काढल्या मागच्या पायांवर उभी राहील, तर नुसत्या मोरखीवर काढू नका, लगाम घाला, हातमोजे घाला, शांत वेळ बघा, पहिले काही दिवस डॉक्टरांकडून हलकं शांत करणारं औषध मागून घेतलं तरी त्यात कमीपणा नाही. चंदी पण कमी करा! काम बंद आणि हरभरा-ओट तेवढाच, हे फार ठिकाणी होतं, मग एक तर घोडी उसळते नाहीतर ज्या दिवशी काम सुरू होतं त्या दिवशी पुठ्ठ्याचे स्नायू दगड होतात. आराम चालू असताना मुख्य खाणं गवतच असू दे, लसूण घास बेताने, धान्य अगदी थोडं.

आता रोज सकाळी फिरवायच्या आधी करायची एक गोष्ट, ही मी प्रत्येक सईसला स्वतः हात धरून शिकवते. पट्टी बांधत असाल तर सोडा आणि वीस मिनिटं थांबा, कारण पट्टीखाली पाय गरमच लागतो. मग हाताच्या मागच्या बाजूने गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत खाली खाली जा, मग दुसऱ्या पायाला तसंच, गरमपणातला फरक तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला लवकर कळतो. मग पाय उचला, फेटलॉक एका हातात सैल धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट नळीच्या मागे दोन बाजूंनी लावा. उचललेल्या पायात टेंडन ढिलं असतं त्यामुळे कातडीलगतचं टेंडन त्याच्या आतल्या टेंडनपासून बोटांनी वेगळं करता येतं, ते अगदी हळू चिमटीत धरून इंच इंच खाली या. कडा धारदार लागायला पाहिजेत. कुठे कडा गोल लागली, जाड लागलं, किंवा त्या एका जागी घोडीने पाय ओढून घेतला, तर लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पण तसंच असेल तर चालणं आधीच्या आठवड्याच्या मिनिटांवर आणा आणि डॉक्टरांना फोन करा. एक स्वस्तातली वही ठेवा तबेल्यात, तारीख, किती मिनिटं, पाय गरम होता का, एवढंच. सहा महिन्यांनी ती वही कुठल्याही मशीनच्या रिपोर्टपेक्षा जास्त कामाची ठरते.

चाल बघायची असेल तर डांबरी रस्त्यावर हळू दुडकीत बघतात, पण तुमच्या घोडीला सध्या दुडकी बंद आहे म्हणून ते डॉक्टरांच्या समोरच होऊ दे. एक मात्र लक्षात ठेवा, पुढच्या पायाने लंगडणारा घोडा चांगला पाय टेकवताना मान खाली टाकतो आणि दुखरा टेकवताना वर उचलतो. बरेच जण उलटं समजून चांगल्याच पायाला शेक देत बसतात.

शेकावरून आठवलं, गरम की गार. ताज्या इजेत पहिले दोन-तीन दिवस तरी फक्त गार. बर्फ घातलेल्या पाण्याची बादली किंवा गमबूट कापून केलेला बूट, गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नुसत्या पाइपच्या पाण्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात पाय बुडवणं जास्त खोल पोचतं. तुमचा तो काळ गेलाय, पण फिरवून आणल्यावर गार पाणी चालूच ठेवा, पहिले काही महिने तरी. आणि पट्टी बांधायची तर खाली जाड कापूस, सगळीकडे सारखा दाब, आणि दोन्ही पुढच्या पायांना, कारण दुखरा पाय वाचवताना उजव्यावर भार जास्त पडतोय. ओढून घट्ट बांधलेल्या पट्टीनेच टेंडन सुजलेले घोडे मी पाहिलेत, तेव्हा येत नसेल तर बांधूच नका.

डाग. सईस मामांचा हेतू चांगला आहे, त्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच पाहिलंय, आणि इंग्लंडमध्ये पण रेसच्या घोड्यांना तापलेल्या लोखंडाने डागायची पद्धत खूप वर्षं होती. पण तिथेच ब्रिस्टल युनिव्हर्सिटीत ह्यावर मोठा अभ्यास झाला, १९८३ मध्ये छापून आला, आणि निष्कर्ष असा की डागल्याने टेंडन चांगलं भरत नाही. मग लोकांना फरक पडतो असं का वाटतं? कारण डागलेला घोडा कातडीची जखम भरेपर्यंत महिनोन् महिने कामावर येत नाही, गुण आरामाचा असतो, श्रेय डागाला जातं. मामांना हे असंच सांगा, पटतं. चामडी जाळणारे तिखट लेप, ब्लिस्टर, त्याचंही तेच, घोडीला विनाकारण वेदना, हे करू नका हो, हात जोडून सांगते.

लेझर आणि बाकी मशीनबद्दल माझं मत सरळ आहे, बजेट असेल तर करा, स्कॅनचे पैसे कापून करू नका. लेझरने सुरुवातीच्या काळात मदत होते असं मला काही घोड्यांत वाटलंय, पण काळी कातडी आणि दाट केस बराचसा प्रकाश वरच शोषून घेतात, म्हणून केस काढल्याशिवाय लावणारा कोणी आला तर परत पाठवा. फिजिओच्या अल्ट्रासाउंडचंही तसंच, केस काढून, जेल लावून, आणि ताज्या सुजेत नाही. शॉकवेव्ह, म्हणजे मशीनने दिलेले दाबाचे ठोके, काही लिगामेंटच्या दुखण्यात आणि पाठीत चांगलं काम करतं पण त्यानंतर काही दिवस दुखणं बधिर राहतं, त्या दिवसांत काम वाढवलं तर घोडी स्वतःलाच इजा करून घेईल. पीआरपी (घोडीच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), स्टेम सेल हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा, पण ते केलं तरी नंतरचं चालणं सुटत नाही.

मालिश टेंडनवर नको. मालिश कुठे, तर मान, खांदा, छाती, पाठ. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे दोन्ही पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असतात, त्यामुळे एक पाय दुखला की छातीचे आणि खांद्याचे स्नायू लगेच आखडतात, पाठीवर खोगिराच्या मागच्या जागेत ताठरपणा येतो. रोजचा खरारा मन लावून केला, गोल गोल, दाब देत, तर अर्धी मालिश तिथेच होते आणि कुठे घोडी अंग चोरते ते पण कळतं. ताप असेल, कुठे लाल गरम सूज असेल किंवा काम केल्यावर स्नायू कडक होऊन लघवी कॉफीच्या रंगाची झाली असेल तर मात्र मालिश नाही, फिरवणं नाही, आहे तिथे उभी करून डॉक्टर.

उभ्या घोडीसाठी सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे गाजराचा. गाजर दाखवून तिला हनुवटी छातीला लावायला लावा, मग गुडघ्यांच्या मधे, मग अजून खाली पुढच्या फेटलॉकपर्यंत, नंतर दोन्ही बाजूंना तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जागेपर्यंत, मग कुशीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी पाचेक सेकंद धरून ठेवायचं, झटका नाही, घोडी स्वतः जेवढी जाईल तेवढीच. ह्यावर अभ्यास झालाय, प्रत्येक ताण पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने केल्यावर मणक्याला चिकटून असलेले खोल स्नायू सोनोग्राफीवर जाड झालेले दिसले. हे स्नायू पाठदुखीत बारीक होतात आणि दुखणं गेलं तरी आपोआप परत येत नाहीत, म्हणून परत खोगीर चढवाल तेव्हा पाठ तयार पाहिजे तर आजपासून गाजरं आणा. पुढचा पाय धरून पुढे ओढायचे स्ट्रेच मात्र डाव्या पायाला सध्या करायचे नाहीत, इंटरनेटवर दाखवतात ते बघून तर नाहीच.

माथेरान. माझं स्पष्ट नाही. तिथल्या अश्वपालांबद्दल काही म्हणणं नाही, उलट मोटारी बंद असलेल्या डोंगरावर त्यांचे घोडे जे काम करतात ते बघून आदरच वाटतो. पण उतारावर भार पुढच्या पायांवर वाढतो, पावसाळ्यात लाल मातीचे रस्ते निसरडे होतात, पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते, आणि घसरताना सावरायला जो झटका बसतो तोच भरत आलेल्या टेंडनला नको असतो. चढ चांगला आहे, पुठ्ठे आणि पाठ भरायला मी स्वतः सांगते, पण सहा महिन्यांनंतर, हळू चढ, आणि उतरताना रायडर खाली उतरून. शिवाय तिथे गेल्यावर कोणीतरी पर्यटक पाठीवर बसणारच.

पर्यटकावरून वजनाचं पण बोलू, कारण तुमच्या क्लबला हे लागू आहे. रायडर अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवायचं, आणि टेंडन गेलेल्या घोडीसाठी अजून कमी. वजनकाटा नसेल तर टेप घ्या, खांद्याच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा, किलो येतात. उदाहरणार्थ घेर १५५, लांबी १४० तर साधारण २८३ किलो. म्हणजे खोगिरासकट ५७ किलो! आपल्याकडे अशा घोड्यावर ऐंशी किलोचा माणूस बसवतात आणि मग पाठ का दुखते म्हणून मला बोलावतात.

नालबंदाला पण ह्यात घ्या. खुराचा पुढचा भाग लांब वाढलेला आणि टाच बसलेली असेल तर प्रत्येक पाऊल उचलताना मागच्या टेंडनवर जास्त ओढ येते. आराम चालू आहे म्हणून नालबंदी पुढे ढकलू नका, चार ते सहा आठवड्यांनी खूर छाटून घ्याच. टाच उंच करणारी पाचर स्वतःहून लावू नका, कुठल्या टेंडनला इजा आहे त्यावर ते बरोबर की चूक ठरतं, डॉक्टर आणि नालबंद समोरासमोर बोलू देत.

आत्ता ह्या आठवड्यात करायचं ते एवढंच, स्कॅनची तारीख घ्या, नालबंदाला बोलवा, चंदी कमी करा, सकाळी पाय तपासणं सुरू करा. डॉक्टरांनी हो म्हटलं तर दिवसातून दोनदा दहा मिनिटं चाल. स्कॅनचा रिपोर्ट आला की जखम टेंडनच्या किती टक्के भागात आहे आणि लांबी किती सेंटिमीटर ते कळवा, मग मिनिटांचा तक्ता तुमच्या डॉक्टरांशी बोलून नीट लिहून देते.